वजन वाढलं की स्क्वॉट उथळ का होतो?

स्क्वॉट म्हणजे बार (दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या, म्हणजे प्लेट, लावलेला लोखंडी दांडा) पाठीवर घेऊन खाली बसायचं आणि परत उठायचं. असं एकदा खाली जाऊन वर येणं म्हणजे एक रेप. समजा डायरीत जानेवारीत लिहिलंय: 80 किलो, 5 रेप. एप्रिलमध्ये लिहिलंय: 110 किलो, 5 रेप. आकडा 30 किलोंनी वाढला. आता दोन्ही दिवसांचे बाजूने काढलेले व्हिडिओ शेजारी ठेवून पाहा. जानेवारीत जांघेतली घडी गुडघ्याच्या वरच्या कडेखाली जात होती. एप्रिलमध्ये ती वीतभर वरूनच परत फिरते. मग ताकद वाढली किती? ते सांगताच येत नाही, कारण जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन वेगळे व्यायाम मोजले गेले.

मुद्दाम असं कोणी करत नाही. बारवर अडीच किलो चढले की खोली एखादा सेंटिमीटर कमी होते. करणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याला प्रत्येक रेप कालच्याइतकीच खोल वाटते. वजन जड असलं की मांड्यांवर ताण लवकर येतो, आणि आपण खोली त्या ताणावरून ओळखत असतो. 60 किलोंना जो ताण अगदी तळाशी जाणवायचा, तो 110 किलोंना निम्म्या वाटेतच जाणवतो. शरीर म्हणतं, ‘पोचलो’, आणि उठायला लागतं. म्हणून वजन वाढवायच्या दिवसांत खोलीच्या बाबतीत स्वतःच्या जाणिवेवर विसंबू नये. खोली डोळ्यांनी किंवा स्पर्शाने तपासावी लागते.

नेमकं मोजायचं काय

पॉवरलिफ्टिंग म्हणजे स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांत (लिफ्टमध्ये) जास्तीत जास्त वजन उचलण्याचा खेळ. त्याच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम स्पष्ट आहे: खुब्याच्या सांध्यापाशी असलेला मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली गेला पाहिजे. बाजूने पाहिलं तर पोट आणि मांडी जिथे दुमडतात ती घडी हा एक बिंदू, आणि गुडघ्याचा माथा हा दुसरा. पहिला दुसऱ्याच्या खाली गेला की रेप पूर्ण.

बहुतेकांची चूक इथेच होते. ते मांडीची खालची बाजू पाहतात. मांडी भरदार असेल तर तिची खालची बाजू जमिनीला समांतर दिसते, पण घडी अजून गुडघ्याच्या वरच असते. काही जण कुल्ले किती खाली गेले ते पाहतात. तेही फसवं आहे, कारण कुल्ल्यांचा आकार प्रत्येकाचा वेगळा. सैल, लांब शॉर्टमध्ये घडी झाकली जाते, म्हणून तपासणीच्या दिवशी अंगाला बसणारी शॉर्ट घाला.

फोन कुठे ठेवता याने फार फरक पडतो. तो बरोब्बर बाजूला, दोन-तीन मीटर लांब आणि गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण 45 ते 50 सेंटिमीटरवर हवा. एखाद्या बाकावर किंवा उलट्या बादलीवर ठेवला तरी चालतो. फोन जमिनीवर टेकवून तिरकस समोरून शूट केलं तर गुडघा कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि आहे त्यापेक्षा उंच दिसतो. त्यामुळे उथळ रेपही खोल वाटते. समोर उभ्या मित्राने छातीच्या उंचीवरून शूट केलं तर उलटं होतं आणि चांगली रेपही अपुरी दिसते. रॅकचा (बार टेकवून ठेवायच्या चौकटीचा) खांब मध्ये येत असेल तर फोन थोडा पुढे सरकवा, पण उंची बदलू नका.

मागे उभ्या स्पॉटरला, म्हणजे गरज पडली तर बार सावरणाऱ्या मदतनिसाला, खोली दिसत नाही. त्याला विचारण्यात अर्थ नाही, त्याचं काम वेगळं आहे. बाजूला उभा राहून प्रत्येक रेपला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा माणूस मिळाला, तर ‘चल, अजून एक’ असं ओरडणाऱ्या चौघांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आखडलेपणाला उगाच दोष दिला जातो

स्क्वॉट उथळ दिसला की पहिला सल्ला ठरलेला असतो: स्ट्रेचिंग कर, खुबे आखडलेत. कधीकधी तो बरोबर असतो. पण आधी एक साधी गोष्ट तपासा. टाचा जमिनीला टेकवून तुम्हाला उकिडवं बसता येतं का? आपल्याकडे भारतीय पद्धतीच्या शौचालयाची सवय असलेल्या, अंगणात बसून भांडी घासलेल्या किंवा भाजी निवडलेल्या असंख्य माणसांना ते सहज येतं. येत असेल, तर स्क्वॉटला लागते तेवढी, किंबहुना त्याहून जास्त, खोली तुमच्या सांध्यांत आहे.

दुसरी खूण अधिक पक्की आहे. आखडलेल्या माणसाला वजन खाली जायला मदत करतं. नुसत्या 20 किलोंच्या बारने तो जितका खाली जातो, त्यापेक्षा 60 किलोंनी थोडा जास्तच जातो, कारण भार स्नायूंना ताणतो. तुमचं नेमकं उलटं होत असेल, म्हणजे 60 ला खोल, 80 ला खोल आणि 100 ला उथळ, तर दोष आखडलेपणाचा नाही. मग महिनाभर खुबे ताणून 100 किलोंचा स्क्वॉट खोल होणार नाही. कारण भीती, श्वास, उतरण्याची पद्धत किंवा वजन वाढवण्याची घाई यांपैकी कुठे तरी असतं.

तालमीतल्या बैठकांशी तुलना इथे उपयोगी आहे. बैठकेत पैलवान थेट तळापर्यंत जातो, पण त्याच्या टाचा उचलल्या जातात, गुडघे खूप पुढे येतात आणि हातांच्या झोक्याने तो वर येतो. त्यातून गुडघ्याची पूर्ण हालचाल आणि दम दोन्ही मिळतात. टाचा टेकवून, पाठीवर बार घेऊन, पोट कडक ठेवून तळाशी स्थिर राहणं मात्र त्यातून आपोआप येत नाही. शेकडो बैठका मारणारा माणूसही 100 किलोंखाली उथळ स्क्वॉट मारताना दिसतो तो याचमुळे.

ज्यांना रिकाम्या बारनेही खाली जाता येत नाही, त्यांनी आधी घोटा तपासावा. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवा. अंगठ्याचं टोक भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर हवं. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. लागत नसेल तर दोन उपाय करावेत. रोज प्रत्येक बाजूने दोन मिनिटं हाच गुडघा पुढे ढकलण्याचा सराव करा, आणि तोवर उंच टाचेचे वेटलिफ्टिंग शूज वापरा. त्यांची टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच आणि कडक असते. टाचेखाली छोट्या प्लेट ठेवून हलकं वजन मारता येतं, पण जड वजनाला नको. एक टाच घसरली तर सावरायला वेळ मिळत नाही. पळण्याचे मऊ तळव्याचे शूज सगळ्यात वाईट. जड बारखाली ते एका बाजूने जास्त दबतात आणि तळाशी तोल हलतो. त्यापेक्षा सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट बरे.

उथळ स्क्वॉट सोपा का वाटतो: अंतराचा हिशोब

भरलेली बादली अंगाजवळ धरली तर फारशी जड वाटत नाही. तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. पाण्याचं वजन तेवढंच असतं, खांद्यापासूनचं आडवं अंतर वाढलेलं असतं. स्क्वॉटमध्ये हेच आडवं अंतर गुडघा आणि खुबा यांच्यामध्ये तयार होतं. ते जितकं जास्त, तितकी मांड्यांना आणि कुल्ल्यांना मिळून जास्त ताकद लावावी लागते.

मांडीचं हाड 42 सेंटिमीटर धरू. मांडी जमिनीला समांतर झाली की आडवं अंतर पूर्ण 42 सेंटिमीटर असतं. मांडी समांतरपेक्षा 45 अंश वर असताना, म्हणजे जिममध्ये सर्रास दिसणाऱ्या अर्ध्या स्क्वॉटमध्ये, ते साधारण 30 सेंटिमीटरच असतं. 42 चे 30 म्हणजे जवळजवळ 30 टक्क्यांची सूट. अर्ध्या स्क्वॉटला भलंमोठं वजन का उचललं जातं, त्याचं मोठं कारण हे.

आता जरा जवळून पाहू. मांडी समांतरपेक्षा 30 अंश वर असताना हे अंतर 36 सेंटिमीटर असतं आणि खुबा गुडघ्यापेक्षा तब्बल 21 सेंटिमीटर उंच असतो. ही सुरुवातीच्या उदाहरणातली वीतभर. 10 अंश वर असताना अंतर 41 सेंटिमीटरच्या थोडं पुढे असतं. आणि समांतरच्या 10 अंश खाली गेल्यावर? तेच, 41 च्या थोडं पुढे. म्हणजे समांतरच्या जरा वर थांबलात काय किंवा जरा खाली गेलात काय, तरफेच्या दृष्टीने भार जवळपास सारखाच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. शेवटचे पाच-सात सेंटिमीटर वाचवून तरफेत फारसं काही मिळत नाही. उलट एक गोष्ट हातची जाते. नीट खाली गेल्यावर ताणलेल्या स्नायूंमुळे तळाशी एक उसळी मिळते. वर येताना बार जिथे अडकतो ती जागा बहुतेकांच्या बाबतीत समांतरच्या थोडी वर असते, आणि या उसळीच्या जोरावर आपण त्या जागेपाशी काहीशा वेगाने पोचतो. समांतरच्या जरा वर थांबणारा माणूस बार नेमका त्याच अवघड जागी शून्य वेगावर आणतो आणि तिथूनच उठायचा प्रयत्न करतो. ‘आणखी खाली गेलो तर अडकेन’ ही भीती समजण्यासारखी आहे, पण शेवटच्या काही सेंटिमीटरांबाबत ती बरीचशी चुकीची आहे.

खोली नेमकी कुठे हरवते

एका दिवशी वॉर्मअपपासून शेवटपर्यंत प्रत्येक सेटचा, म्हणजे सलग मारलेल्या रेपांच्या गटाचा, बाजूने व्हिडिओ काढा. 100 किलो हे मुख्य वजन असेल तर वॉर्मअप साधारण असा: रिकाम्या बारने 10, 40 किलोंना 5, 60 ला 5, 75 ला 3, 87.5 ला 2, 95 ला 1, आणि मग 100. खोली पहिल्यांदा कोणत्या वजनाला आणि कितव्या रेपला कमी झाली ते लिहा. कारण बहुधा त्यातच दिसतं.

सगळे वॉर्मअप खोल आणि मुख्य वजनाची पहिलीच रेप उथळ असेल, तर ती भीती आहे. वजनाखाली चिरडले जाऊ ही भीती खोटी नाही. ती धीर देऊन जात नाही, लोखंडाने जाते. रॅकच्या सेफ्टी पिना, म्हणजे बार खाली आला तर त्याला अडवणाऱ्या आडव्या सळ्या, नीट लावा. रिकाम्या बारने तळापर्यंत जा, कुणाला तरी बारची उंची पाहायला सांगा, आणि पिना त्याच्या 3 ते 5 सेंटिमीटर खाली लावा. जड वजनाला छाती थोडी जास्त झुकते आणि बार आणखी खाली जातो, म्हणून एवढी जागा सोडायची. भोक कितवं ते डायरीत लिहून ठेवा. मग 40 किलो घेऊन मुद्दाम हरायचा सराव करा: तळाशी जा, थांबा, शांतपणे बार पिनांवर टेकवा, डोकं खाली घेऊन पुढच्या बाजूने बाहेर या. असं पाच-सहा वेळा केल्यावर हरणं म्हणजे अपघात नव्हे हे शरीराला पटतं. अनेकांच्या बाबतीत एवढ्यानेच त्या आठवड्यात खोली परत येते.

जिममध्ये पिना नसतील तर बारच्या दोन टोकांना दोन आणि मागे एक असे तीन जण हवेत. तेही नसतील तर दोन रेप अंगात शिल्लक राहतील एवढंच वजन घ्या. स्मिथ मशीनवर सुरक्षित वाटतं, पण तिथे बार ठरलेल्या रुळावर चालतो आणि तोल सांभाळावा लागत नाही. तिथली खोली मोकळ्या बारवर तशीच येईल असं धरू नका.

पहिल्या दोन-तीन रेप खोल आणि चौथी-पाचवी उथळ होत असेल, तर श्वास आणि पोट तपासा. प्रत्येक रेपआधी वर उभं असताना नवा श्वास घ्यायचा. तो छाती फुगवून नाही, तर कमरेच्या चारही बाजू फुगतील असा खोल घ्यायचा. मग कोणी पोटात बुक्की मारणार आहे अशा तयारीने पोट कडक करायचं आणि तसंच खाली जायचं. अर्ध्याच्या वर उठून आल्यावर श्वास सोडायचा. दमलेला माणूस घाईघाईने अर्धा श्वास घेतो. पोट ढिलं राहिलं की तळाशी कंबर डळमळते, आणि शरीर त्या डळमळीआधीच परत फिरतं. दोन रेपांमध्ये दोन श्वास घेतले तरी काही बिघडत नाही. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण श्वास रोखल्यावर दाब बराच चढतो.

बेल्टही, म्हणजे पोटाला आधार देणारा कमरेचा पट्टा, कधी अडसर होतो. तो फार खाली बांधला तर तळाशी त्याची कड मांडीच्या आणि बरगडीच्या मध्ये रुतते आणि दुखायच्या आधीच माणूस थांबतो. दोन-तीन सेंटिमीटर वर सरकवा. आवळायचा इतकाच की पोट फुगवून त्यावर दाब देता यावा. श्वासच घेता येत नसेल तर एक भोक सैल करा. बेल्टने 100 उथळ आणि बेल्टशिवाय 90 खोल होत असेल, तर आधी बेल्टची जागा बदलून पाहा.

कुल्ले आधी खूप मागे जातात, छाती पुढे पडते आणि मग खाली जायला जागाच उरत नाही, हा तिसरा प्रकार. ‘गुडघे पायाच्या बोटांपुढे जाता कामा नयेत’ ही सूचना ऐकून ऐकून अनेकांनी ही सवय लावून घेतलेली असते. हलक्या वजनाला ती खपते. जड वजनाला धड इतकं आडवं होतं की पोट मांडीवर टेकतं आणि खोली तिथेच संपते. गुडघे पुढे आलेच पाहिजेत. बार पायाच्या मध्यावर राहायला हवा, टाचा टेकलेल्या हव्यात, आणि या दोन अटी पाळून गुडघे जितके पुढे येतील तितके येऊ द्यावेत. खुबा आणि गुडघा एकाच क्षणी दुमडायला लागायचं. पाऊल 15 ते 30 अंश बाहेर वळवायचं आणि गुडघा पावलाच्या दिशेनेच जाईल हे पाहायचं. गुडघे बाहेर राहिले की मांड्या पोटाच्या दोन्ही बाजूंना सरकतात आणि खुबा त्यांच्यामध्ये उतरतो. ते आत पडले की दार बंद.

बार खांद्यांच्या मागच्या स्नायूंवर खाली ठेवणाऱ्यांचं धड मुळातच जास्त झुकतं. ज्यांच्या मांड्या धडाच्या मानाने लांब आहेत, त्यांना या पद्धतीत खोली कठीण जाते. त्यांनी पाय दोन-चार सेंटिमीटर रुंद करून पाहावं, उंच टाच वापरून पाहावी किंवा बार मानेच्या खालच्या गादीवर, म्हणजे थोडा वर ठेवून पाहावा. पण एका दिवशी एकच बदल करा. दोन बदल केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणखी एक कारण आहे, ते दिसत नाही म्हणून दुर्लक्षित राहतं. जड बार रॅकमधून काढून मागे येताना पाय ठरलेल्या जागी पडत नाहीत. हलक्या वजनाला पाय खांद्याएवढे रुंद, आणि 100 किलोंना घाबरून जिथे पडले तिथे. म्हणून मागे फक्त तीन पावलं घ्यायची: एक, दोन, आणि तिसरं पाऊल जागेवर बसवण्यासाठी. जमिनीवर खडूच्या दोन रेघा मारून ठेवल्या तर पंधरा दिवसांत पाय आपोआप तिथे पडायला लागतात. बारचा हूक छातीच्या मध्यावर हवा. तो इतका वर असेल की चवड्यांवर उभं राहून बार काढावा लागतो, तर अर्धा जीव तिथेच जातो.

उतरण्याचा वेग हा शेवटचा मुद्दा. वजन जड झालं की लोक चाचपडत, चार-पाच सेकंद घेत उतरतात. तळाशी पोचेपर्यंत मांड्या दमलेल्या असतात आणि उसळीही उरत नाही. दीड ते दोन सेकंदांत, ताबा न सोडता, एका लयीत खाली जायचं. याच्या उलट, अंग सोडून धपकन पडणारेही असतात. त्यांना खोली मिळते, पण कंबर वाकते.

खोली परत आणायची कशी

आधी एक नियम मान्य करावा लागतो, आणि तोच मनाला सगळ्यात जड जातो: घडी गुडघ्याखाली गेली नाही तर ती रेप डायरीत लिहायची नाही. 5 मधल्या 2 उथळ असतील तर त्या दिवशी 3 रेप झाल्या. मग वजन 10 टक्क्यांनी उतरवायचं. 100 चं 90. यात कमीपणा नाही. 90 हेच तुमचं खरं वजन होतं, 100 हा दुसऱ्या व्यायामाचा आकडा होता.

पुढचे चार आठवडे असे चालवता येतात. आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट. पहिल्या दिवशी मुख्य वजनाच्या 5 रेपांचे 3 सेट: पहिल्या आठवड्यात 90 किलो, मग 92.5, 95 आणि 97.5. पाचव्या आठवड्यात 100. दुसऱ्या दिवशी थांबून मारायचे स्क्वॉट: 65 ते 70 किलो, 3 रेपांचे 4 सेट, आणि प्रत्येक रेपला तळाशी मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणेपर्यंत थांबायचं. थांबताना पोट ढिलं सोडायचं नाही, मांड्या पोटरीवर टेकवून विसावायचं नाही. तळ ही घाईने पळून जायची जागा नाही, तिथे राहता येतं, हे यातून शरीर शिकतं. उथळ स्क्वॉटवर याहून चांगला एकच व्यायाम सुचवायचा झाला तर आम्हाला तो सुचवता येणार नाही.

प्रत्येक आठवड्याला अडीच किलो म्हणजे बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. बऱ्याच जिममध्ये या छोट्या प्लेट नसतात आणि लोक नाइलाजाने 5 किंवा 10 किलोंची उडी मारतात. 60 किलो मारणाऱ्याला 5 किलो म्हणजे 8 टक्क्यांहून जास्त वाढ होते, आणि खोली अशा उडीतच तुटते. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घेऊन पिशवीत ठेवणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक खर्च आहे. आणि बारचं वजन एकदा काट्यावर करून घ्या. मानक बार 20 किलोंचा आणि महिलांचा वेटलिफ्टिंग बार 15 किलोंचा असला, तरी स्थानिक बनावटीचे लांब बार त्याहून बरेच हलके निघू शकतात. दोन जिममध्ये मिळून सराव करणाऱ्यांचा हिशोब यानेच चुकतो.

स्पर्शाची खूण हवी असेल तर शिवणकामाच्या दुकानातली रुंद इलॅस्टिकची पट्टी रॅकच्या दोन खांबांमध्ये आडवी बांधा. रिकाम्या बारने नियमाइतकं खाली जा, आणि त्या वेळी कुल्ल्यांचा खालचा भाग पट्टीला हलकेच लागेल अशी उंची ठरवा. प्रत्येक रेपला स्पर्श झाला पाहिजे. पट्टी भार पेलत नाही, म्हणून तिच्यावर बसण्याचा मोह होत नाही. लाकडी बॉक्सनेही हेच साधतं, पण बॉक्सवर धपकन बसलं की मणक्याला वरून बार आणि खालून बॉक्स असा दुहेरी धक्का बसतो. बॉक्स वापरायचाच तर स्पर्श कागदाच्या कपावर बसल्यासारखा असावा. बॉक्सची उंची दुसऱ्याकडून उसनी घेऊ नका. ती स्वतःच्या घडीवरून ठरवा.

वॉर्मअपकडेही लक्ष असू द्या. 40 आणि 60 किलोंना लोक गप्पा मारत वरच्यावर रेप काढतात. पण शरीर त्या दिवसाची खोली तिथेच ठरवतं. 60 ची रेप 100 इतकीच खोल, तेवढ्याच काळजीने.

गुडघ्यांचं काय?

‘एवढं खाली गेलं की गुडघे जातात’ हे वाक्य घरात, जिममध्ये, कधी दवाखान्यातही ऐकू येतं. त्याचा एक माग 1961 पर्यंत जातो. टेक्सास विद्यापीठातले कार्ल क्लाइन यांनी त्या वर्षी असा निष्कर्ष मांडला की खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात. नंतरच्या अभ्यासांना निरोगी गुडघ्यांमध्ये तसं आढळलं नाही. निरोगी गुडघा हळूहळू वाढवलेल्या भाराशी जुळवून घेतो. उथळ स्क्वॉट गुडघ्यांना आपोआप सुरक्षित असतो असंही नाही, कारण तिथे माणूस पेलण्यापेक्षा कितीतरी जास्त वजन पाठीवर घेतो आणि ते मधेच ब्रेक लावून थांबवतो. आधीची दुखापत, सूज किंवा गुडघा अडकण्याचा त्रास असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवूनच खोली ठरवा.

कमरेबद्दल जास्त सावध राहा. तळाशी माकडहाड किंचित आत वळणं बहुतेकांत दिसतं. पण कंबर डोळ्यांना दिसेल इतकी गोल होत असेल, तर खोली ओढून आणू नका. पावलांची रुंदी बदला, टाच उंच करा, आणि तरीही होत असेल तर नियमापुरतं खाली जाऊन थांबा. घडी गुडघ्याखाली एक सेंटिमीटर असो की दहा, रेप तेवढीच पूर्ण असते.

स्पर्धेत उतरणार असाल तर

तीन पंच असतात, एक समोर आणि दोन बाजूंना. बाजूच्या दोघांना खोली सर्वांत नीट दिसते. तीनपैकी दोन पांढरे दिवे लागले तर लिफ्ट मान्य होते. खोली कमी पडली तर पंच लाल कार्ड दाखवतात, म्हणजे नेमकं कशासाठी नापास झालात ते लगेच कळतं. ‘स्क्वॉट’ असा आदेश मिळाल्यावरच खाली जायचं आणि ‘रॅक’ म्हटल्यावरच बार ठेवायचा. बारच्या टोकांना लावायचे कॉलर अडीच-अडीच किलोंचे असतात, म्हणून रिकामा बारच 25 किलो भरतो.

प्रत्येक लिफ्टला तीन संधी असतात, आणि तिन्ही वाया गेल्या तर एकूण वजनच (तिन्ही लिफ्टची बेरीज) लागत नाही. म्हणून पहिला प्रयत्न सरावात सलग तीन रेप नियमाइतक्या खोल मारता येतात अशा वजनाचा ठेवा. स्पर्धेच्या दिवशी छाती धडधडत असते, आणि सरावात घडी गुडघ्याबरोबर जात असेल तर तिथे ती दोन सेंटिमीटर वर राहते. म्हणून शेवटच्या सहा आठवड्यांत प्रत्येक रेप नियमापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली मारा. वॉर्मअपच्या जागेत शेवटची रेप कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. तो ‘काठावर’ म्हणाला, तर मंचावर जाण्याआधीच पहिल्या प्रयत्नाचं वजन उतरवून घेता येतं का ते स्पर्धेच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर विचारा. त्यासाठी ठरावीक मुदत असते, ती सकाळीच माहीत करून घ्या.